उपमा आणि प्रतिमान : पार्थपूरच्या ज्योतिषांविषयी

१

परभणी जिल्ह्याच्या वाङ्मयीन परंपरेचा विषय निघाला की गंगाखेडच्या संत जनाबाईंचे नाव प्रथम येते, आणि ते योग्यच आहे. परंतु गंगाखेडहून गोदावरीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने वर गेल्यास नदीच्या उत्तरेला काही अंतरावर पाथरी हे तालुक्याचे गाव लागते, आणि या गावाचा वाङ्मयाशी असलेला संबंध मात्र आपल्या अभ्यासक्रमांतून, जिल्ह्याच्या गौरवग्रंथांतून आणि बहुधा आपल्या स्मरणातूनही निसटला आहे. आज पाथरीचे नाव साईबाबांच्या जन्मस्थानाविषयीच्या श्रद्धेमुळे घेतले जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ते अहमदनगरच्या निजामशाहीच्या पूर्वजांचे गाव म्हणून ठाऊक असते. त्या ओढीनेच बुऱ्हाण निजामशहाने १५१८ मध्ये ते वऱ्हाडच्या इमादशाहीकडून जिंकून घेतले, असे फरिश्त्याने लिहिले आहे. सोळाव्या शतकातील संस्कृत ज्योतिषग्रंथांत मात्र याच गावाचे नाव 'पार्थपूर' असे येते. तेथे एक ज्योतिषी घराणे राहत होते आणि त्या घराण्यातील ज्ञानराजांनी 'सिद्धांतसुंदर' नावाचा ग्रंथ रचला. त्यातील गणिताचा आरंभकाल शके १४२५, म्हणजे इ.स. १५०३ हा आहे.

हे सांगण्यामागे केवळ स्थानिक अभिमान नाही. निसर्गातील एखाद्या व्यवस्थेचे, मग ती ग्रहांची असो, पावसाची असो किंवा एखाद्या जंगलातील प्राण्यांच्या संख्येची असो, गणिती चित्र तयार करायचे, त्यावरून पुढे काय घडेल ते सांगायचे आणि प्रत्यक्षाशी ते ताडून पाहायचे, या कामाला आज विज्ञानात 'मॉडेल' करणे म्हणतात. मराठीत त्यासाठी 'प्रतिमान' हा शब्द वापरता येईल. असे प्रतिमान म्हणजे नक्की काय, ते खरे असावे लागते की केवळ उपयोगी पडले तरी पुरे, आणि ते चुकले तर काय करायचे, हे प्रश्न पाचशे वर्षांपूर्वी गोदाकाठी आणि कोकणात आपल्याच लोकांनी विचारले होते. त्यांनी दिलेली उत्तरे एकमेकांपासून फार वेगळी होती. साहित्याच्या अभ्यासकांनी ती उत्तरे वाचावीत, कारण त्या वादाच्या मुळाशी आपल्या परिचयाचा एक प्रश्न आहे : उपमा आणि प्रतिमान यांत फरक काय?

२

प्रथम ग्रंथप्रकारांविषयी थोडे सांगायला हवे. भारतीय ज्योतिषगणितात तीन प्रकारचे ग्रंथ मानले जातात. ज्यात कल्पाच्या आरंभापासून ग्रहगणित केलेले असते तो 'सिद्धांत', कलियुगाच्या आरंभापासून केलेले असते ते 'तंत्र', आणि जवळचाच एखादा शक आरंभ धरून केलेले असते ते 'करण'. कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षे. कल्पारंभापासून आजपर्यंतच्या दिवसांची संख्या, जिला 'अहर्गण' म्हणतात, ती बारा अंकी येते. रोजचे पंचांग करणाऱ्या गावच्या जोशाला एवढ्या मोठ्या संख्येचे गुणाकार-भागाकार करीत बसणे शक्य नव्हते, त्याच्यासाठी करणग्रंथ. सिद्धांतग्रंथाचे काम वेगळे. ग्रहगणित असेच का करायचे, विश्वाची रचना कशी आहे, पृथ्वी कशावर आहे, याची उपपत्ती त्याने द्यायची. सोप्या शब्दांत, करण 'किती' ते सांगतो, तर सिद्धांत 'का' तेही सांगतो.

दोन्हींच्या पोटात प्रतिमान एकच. ग्रह एका वर्तुळावर समान गतीने फिरतो असे प्रथम धरायचे. त्यावरून येणारे त्याचे स्थान ते 'मध्यम' स्थान. परंतु आकाशात ग्रह कधी जलद चालतो, कधी मंद, कधी थबकतो आणि कधी वक्री होऊन मागे जातो. म्हणून मध्यम स्थानाला दोन संस्कार करायचे. पहिला मंदफलाचा, दुसरा शीघ्रफलाचा. दोन्ही संस्कार लहान वर्तुळांच्या साहाय्याने काढायचे. त्यानंतर येते ते 'स्पष्ट' स्थान, म्हणजे ग्रह प्रत्यक्षात जेथे दिसायला हवा ते. आजच्या भाषेत सांगायचे तर मंगळ, गुरू, शनी या ग्रहांच्या बाबतीत मंदफल हे कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने पडणाऱ्या फरकाची भरपाई करते, आणि शीघ्रफल हे आपण ज्या पृथ्वीवरून पाहतो ती स्वतःच सूर्याभोवती फिरते आहे, या वस्तुस्थितीची. पृथ्वी स्थिर मानूनही तिच्या गतीचा हिशेब या गणितात अचूक जागी येऊन बसला होता. प्रतिमानाचा हा एक चमत्कारिक गुण आहे. त्याची गृहीतके चुकीची असली तरी त्याचे उत्तर बरेचसे बरोबर येऊ शकते. आणि म्हणूनच उत्तर बरोबर आले एवढ्यावरून गृहीतक खरे ठरत नाही.

३

भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' रचला तो ११५० मध्ये. त्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापला आणि चाळीसगावजवळील पाटणच्या शिलालेखात त्याची नोंद राहिली, हे अनेकांना ठाऊक असेल. त्यानंतर साडेतीनशे वर्षांत करणग्रंथ झाले, टीका झाल्या, कोष्टके झाली. परंतु शिरोमणीच्या तोडीचा सर्वांगीण सिद्धांतग्रंथ रचण्याचा मोठा प्रयत्न झाला तो पार्थपुरात. अमेरिकेतील अभ्यासक टोके नुडसेन यांनी 'सिद्धांतसुंदर'चे सटीप इंग्रजी भाषांतर केले असून ते २०१४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आहे.

या ग्रंथाच्या गोलाध्यायाची सुरुवात भुवनकोशाने, म्हणजे विश्वरचनेच्या वर्णनाने होते आणि शेवट ऋतुवर्णनाने. मधल्या भागात ग्रहगतीची उपपत्ती आणि यंत्रांचे वर्णन आहे. ऋतुवर्णन हा काव्याचा भाग. भास्कराचार्यांनीही आपल्या गोलाध्यायात ऋतुवर्णन केले होते, तेव्हा हा संकेत जुनाच. शास्त्रग्रंथाच्या मध्यभागी कवीने आपली कवित्वशक्ती दाखवावी, ही गोष्ट त्या काळच्या वाचकाला विसंगत वाटत नव्हती. ज्ञानराजांचे पुत्र सूर्यदास यांच्यात हे दोन्ही अधिकच एकवटलेले दिसतात. त्यांनी भास्कराचार्यांच्या बीजगणितावर १५३८ मध्ये 'सूर्यप्रकाश' ही टीका लिहिली, लीलावतीवर 'गणितामृतकूपिका' लिहिली, आणि 'रामकृष्णविलोमकाव्य'ही लिहिले. या काव्यातील श्लोक डावीकडून उजवीकडे वाचला तर रामकथा आणि तोच उलट अक्षरक्रमाने वाचला तर कृष्णकथा. संस्कृतच्या वर्गात हे काव्य चित्रकाव्याचा नमुना म्हणून सांगितले जाते, पण त्याचा कर्ता परभणी जिल्ह्यातला आणि व्यवसायाने गणिती, हे सांगितले जात नाही.

ज्ञानराजांच्या ग्रंथाचे वेगळेपण मात्र काव्यात नाही. ते आहे पुराणे आणि सिद्धांत यांचा मेळ घालण्याच्या त्यांच्या आग्रहात. पुराणांतील पृथ्वी सपाट आहे, मध्ये मेरू, त्याभोवती वलयाकार द्वीपे आणि समुद्र, आणि एकूण विस्तार पन्नास कोटी योजने. सिद्धांतांतील पृथ्वी गोल आहे आणि भास्कराचार्यांच्या मते तिचा परीघ ४९६७ योजने. विष्णुपुराणाप्रमाणे चंद्र सूर्याच्याही पलीकडे. सिद्धांतांप्रमाणे तो सूर्याच्या अलीकडे, नाहीतर त्याने सूर्याला झाकून ग्रहण कसे घडवावे? पूर्वीच्या सिद्धांतकारांनी यात पुराणांची बाजू सरळ नाकारली होती किंवा तिच्याकडे दुर्लक्ष केले होते. ज्ञानराजांना ते मान्य नव्हते. ऋषींचे वचन आणि गणित, दोन्ही प्रमाण असतील तर त्यांत विरोध असणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. पुढील दोन शतके ज्योतिषांमध्ये या 'अविरोधा'ची चर्चा चालू राहिली आणि तिच्या आरंभी पार्थपूर आहे.

यातील एक युक्तिवाद आपण जरा निरखून पाहू. पृथ्वी शेष, कूर्म किंवा वराह यांनी धरली आहे असे पुराणे म्हणतात. भास्कराचार्यांचे त्यावरचे उत्तर प्रसिद्ध आहे. आधाराला दुसरा आधार लागणार, त्याला तिसरा. कोठेतरी थांबून एखादी वस्तू स्वतःच्याच शक्तीने राहिली आहे असे मानावेच लागणार. मग ती पृथ्वीच का मानू नये? ज्ञानराज या अनवस्थेला बगल देतात. त्यांचे म्हणणे भावार्थाने असे : अल्प बळाचा गिधाड पक्षी चोचीत साप धरून प्रहरभर आकाशात राहू शकतो, तर अचिंत्य शक्तीचा ईश्वर कूर्मरूपाने कल्पभर पृथ्वी धरून आकाशात का राहू शकणार नाही?

साहित्याच्या माणसाला हा दृष्टांत आवडल्यावाचून राहणार नाही. तो नेमका आहे, डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि प्रहर व कल्प यांच्या प्रमाणात एक डौल आहे. परंतु तो काय करतो हे पाहिले पाहिजे. तो एक अशक्य वाटणारी गोष्ट शक्य वाटायला लावतो. ती घडते आहे असे दाखवत नाही. आणि मुख्य म्हणजे, आकाशात कोणतीही गोष्ट दिसली वा न दिसली तरी हा दृष्टांत खोटा पडण्याची सोय नाही. उपमेचे हेच लक्षण आहे. मुखचंद्र म्हणणाऱ्या कवीला मुखाचा परीघ मोजून कोणी खोटा ठरवत नाही, आणि तसे करणे अरसिकपणाचे होईल. प्रतिमानाचे मात्र तसे नसते. ग्रहण अमुक घटिकेला लागेल असे गणिताने सांगितले आणि ते लागले नाही, तर प्रतिमान उघडे पडते. ज्ञानराजांच्या ग्रंथात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात. त्यांचे ग्रहगणित हे भास्कराचार्यांच्याच परंपरेतील पक्के प्रतिमान आहे, आणि त्यांचा कूर्म ही उपमा. या दोहोंना त्यांनी एकाच प्रतीचे प्रामाण्य देऊ केले, इथे त्यांची अडचण सुरू होते.

त्यांना हसण्याचे मात्र कारण नाही. ज्या १५०३ या वर्षाचा आरंभ त्यांनी आपल्या गणिताला धरला, त्याच वर्षीच्या मे महिन्यात कोपर्निकस इटलीतील फेरारा येथे धर्मविधीच्या कायद्याची पदवी घेत होता. चाळीस वर्षांनी, १५४३ मध्ये, त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ओसियांडर नावाच्या धर्मशास्त्र्याने त्याला एक निनावी प्रस्तावना जोडली. ज्योतिर्विदाची गृहीतके खरी असण्याची गरज नाही, गणित वेधाशी जुळले म्हणजे पुरे, असा त्या प्रस्तावनेचा रोख होता. धर्मग्रंथ आणि गणित यांच्यातील विरोध टाळण्याचा हाही एक मार्गच. ज्ञानराज दोन्ही खरे म्हणतात; ओसियांडर गणिताला खरेपणाचा दावाच सोडायला लावतो.

४

तिसरा मार्ग कोकणात निघाला. नंदिग्राम, म्हणजे मुरूड-जंजिऱ्याजवळचे नांदगाव, येथील केशव दैवज्ञांनी १४९६ हा आरंभ धरून 'ग्रहकौतुक' हा करणग्रंथ रचला. केशव स्वतः वेध घेणारे होते. सूर्यसिद्धांताचा सौरपक्ष, आर्यभटाचा आर्यपक्ष आणि ब्रह्मगुप्त-भास्करांचा ब्राह्मपक्ष, असे जे तीन प्रमुख पक्ष होते, त्यांपैकी कोणत्याही एका पक्षाने सर्व ग्रह आकाशात बरोबर येत नाहीत, हे त्यांना दिसले. कोणता ग्रह कोणत्या पक्षाने जुळतो आणि कोठे किती अंतर पडते, हे त्यांनी नोंदवून ठेवले. आणि पुढेही काळाच्या ओघात अंतर पडेल तेव्हा त्या त्या वेळच्या गणकांनी वेध घेऊन सुधारणा करावी, असेही सांगितले. जवळजवळ त्याच वेळी केरळात नीलकंठ सोमयाजी 'ज्योतिर्मीमांसा'त याच भूमिकेची मांडणी करीत होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

केशवांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२, म्हणजे इ.स. १५२० चा 'ग्रहलाघव' लिहिला. महाराष्ट्रातील पंचांगे पुढे शतकानुशतके त्यावरून होत राहिली. या ग्रंथाच्या सुरुवातीला गणेशांनी आपले ग्रह कोठून घेतले ते सांगितले आहे. सूर्य आणि चंद्राचे उच्च सौरपक्षाचे. चंद्रही सौरपक्षाचा, पण ९ कला कमी करून. मंगळ, गुरू आणि राहू आर्यपक्षाचे. बुधाचे केंद्र ब्राह्मपक्षाचे. शुक्राचे केंद्र आर्य आणि ब्राह्म यांच्या मध्यावरचे. शनी आर्यपक्षाचा, पण त्यात ५ अंश मिळवून. पक्ष म्हणजे त्या काळी केवळ आकड्यांचा संच नव्हता. ती परंपरा होती, घराण्याची निष्ठा होती, काहींच्या दृष्टीने ते देवाने सांगितलेले शास्त्र होते. गणेशांनी त्यातून आकाशाशी जुळेल तेवढे घेतले आणि जुळत नव्हते तेथे कमी-जास्त केले. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. ग्रंथारंभीच सांगून टाकली.

त्यांची दुसरी करामत गणिताची. त्यांनी ज्याचापाचा, म्हणजे त्रिकोणमितीच्या कोष्टकांचा, वापरच टाळला आणि त्याजागी सोपी, जवळपासचे उत्तर देणारी रीत बसवली. ११ वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे एक चक्र धरून अहर्गण लहान ठेवला. बारा अंकी संख्या चार अंकांच्या आत आली. पृथ्वी कशावर आहे याची चर्चा या ग्रंथाला करावी लागत नाही. चित्र बाजूला ठेवून गणित हातात घ्यायचे आणि ते गणित आकाशाच्या स्वाधीन करायचे, अशी ही भूमिका.

आणि येथे कथा पुन्हा गोदाकाठी येते. पाथरीच्याच परिसरातले मानले जाणारे गोलग्राम हे गोदावरीच्या उत्तर तीरावरचे गाव. तेथील दिवाकर हे गणेश दैवज्ञांचे शिष्य. त्यांच्या पुत्रांपैकी मल्लारी यांनी ग्रहलाघवावर टीका लिहून गणेशांच्या सोप्या रीतींची उपपत्ती दिली; विश्वनाथ यांनी त्यावर सोडवलेल्या उदाहरणांची टीका लिहिली. एकाने 'का' सांगितले, दुसऱ्याने 'कसे' ते करून दाखवले. ग्रहलाघव सर्वत्र पसरला त्यात या दोन भावांच्या टीकांचा वाटा मोठा आहे. आपण शिक्षक आहोत, म्हणून एवढे म्हणावेसे वाटते की ज्ञानाच्या इतिहासात टीकाकाराचे आणि उदाहरणे सोडवून देणाऱ्याचे स्थान आपण मानतो त्यापेक्षा वरचे असते.

५

या घराण्याची पुढची पिढी काशीला गेली. दिवाकरांचे नातू नृसिंह यांनी सूर्यसिद्धांतावर आणि शिरोमणीवर भाष्ये लिहिली. नृसिंहांचे पुत्र कमलाकर यांचा 'सिद्धांततत्त्वविवेक' हा ग्रंथ १६५८ चा. कमलाकर बुद्धीने तीव्र. आपण ज्याला ध्रुव म्हणतो तो तारा नेमका ध्रुवस्थानी नाही, हे सांगणारे, आणि यवन ज्योतिषातील कल्पनांचाही उपयोग करणारे. परंतु सूर्यसिद्धांत हे साक्षात सूर्याचे वचन असल्याने त्यातील मूलांकांना वेधाने संस्कार करणे त्यांना मान्य नव्हते. ज्या पणजोबांनी गणेश दैवज्ञांच्या पायाशी बसून शिक्षण घेतले, त्यांच्याच पणतूने केशव-गणेशांचा मार्ग नाकारला. परंपरा रक्ताने पुढे जात नाही, याचे याहून चांगले उदाहरण शोधायला नको.

हा सर्व इतिहास मराठीत एकत्र मांडला तो शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी. त्यांचा भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पेशाने शिक्षक असलेल्या या माणसाने अवघ्या पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात जे काम केले, ते आजही देशोदेशीच्या अभ्यासकांना चाळावे लागते. दीक्षितांचा विशेष असा की त्यांनी प्रत्येक ग्रंथकाराला एकच प्रश्न विचारला : याने स्वतः आकाशाकडे पाहिले होते काय? केशव आणि गणेश यांच्याविषयी त्यांना वाटणारा आदर या प्रश्नाच्या उत्तरातून आलेला आहे. दीक्षितांच्या काळीच केरो लक्ष्मण छत्रे यांची १८६० मधील 'ग्रहसाधनाची कोष्टके' आणि पुढे व्यंकटेश बापूजी केतकर यांचे ग्रंथ यांनी ग्रहलाघवाची जागा घ्यायला सुरुवात केली होती. गणेशांचे गणित साडेतीनशे वर्षांत आकाशापासून दूर गेले होते. केशवांच्या उपदेशाप्रमाणेच ते आता सुधारायला हवे होते, आणि ज्यांनी सुधारले त्यांच्यावर परंपरा मोडल्याचा आरोप झाला.

६

हे सर्व ग्रंथातलेच राहिले असते तर गोष्ट वेगळी होती. पण परभणी जिल्ह्यातील शेतकरी आजही मृगाची वाट पाहतो. मृग नक्षत्र म्हणजे सूर्याचा मृगशीर्ष नक्षत्रात प्रवेश. सध्या तो ७-८ जूनच्या सुमारास होतो. हे गणित निरयन आहे, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने केलेले. पाऊस मात्र ताऱ्यांकडे पाहून येत नाही. तो येतो सूर्याच्या उत्तरायणाने तापलेल्या भूमीमुळे, म्हणजे सायन गणिताने. या दोहोंत अयनचलनामुळे दर सुमारे सत्तर वर्षांना एक दिवसाचे अंतर पडते. गणेश दैवज्ञांना हे माहीत होते. शके ४४४ मध्ये अयनांश शून्य आणि त्यानंतर दर वर्षी एक कला, अशी त्यांची रीत. त्या रीतीने शके १४४२ मध्ये अयनांश १६ अंश ३८ कला येतात. आज चित्रापक्षाने ते २४ अंशांच्या थोडे वर आहेत. याचा अर्थ असा की आजच्या इंग्रजी कॅलेंडरने मोजले तर ग्रहलाघवाच्या काळी मृग मे महिन्याच्या अखेरीस लागत असे. आठवडाभर आधी. आणखी हजार वर्षांनी तो जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या पुढे लागेल. मृगाची म्हण तीच राहील, तिच्या खालचा महिना मात्र सरकत जाईल.

मृगाचे निदान गणित तरी आहे. पंचांगात त्याच्या शेजारी 'वाहन' दिलेले असते. कोल्हा, बेडूक, म्हैस, हत्ती. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नवाने भागायचे आणि बाकीवरून वाहन ठरवायचे. वाहन बेडूक, म्हैस वा हत्ती आले तर पाऊस चांगला. दिसायला हेही गणितच आहे, भागाकारसुद्धा आहे. परंतु मागील वर्षी हत्ती आला असता पाऊस किती झाला, याचा ताळा कोणत्याही पंचांगात दिलेला नसतो. ते गणिताच्या वेषातील उपमाच आहे. मोठा पाऊस हत्तीसारखा, एवढाच त्याचा आशय, आणि तो म्हणून गोडही आहे. त्यावर पेरणी ठरवली तर मात्र बियाण्याचा खर्च उपमेला भरता येत नाही.

याच्या उलट उदाहरणही मराठी माणसाचेच आहे. १९८८ मध्ये वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मान्सूनच्या पूर्वानुमानासाठी सोळा घटकांचे प्रतिमान तयार केले. समुद्राचे तापमान, वाऱ्याचे दाब, हिमाचे आवरण अशा सोळा गोष्टींचा मागील पावसाशी असलेला संख्याशास्त्रीय संबंध त्यात मांडला होता. पाऊस का पडतो, याची संपूर्ण उपपत्ती त्यात नव्हती. आपल्या जुन्या परिभाषेत तो सिद्धांत नव्हता, करण होता. अनेक वर्षे त्याने काम दिले. २००२ मध्ये त्यावरून देशात सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज वर्तवला गेला आणि प्रत्यक्षात ८१ टक्के पाऊस झाला. जुलैमध्ये पाऊस फारच कमी झाला. हवामान खात्याने २००३ मध्ये प्रतिमान बदलले. २००४ मध्ये नवेही चुकले, १०० टक्क्यांच्या अंदाजापुढे सुमारे ८७ टक्के. २००७ मध्ये ते पुन्हा बदलले. त्यापुढे वातावरण आणि महासागर यांच्या भौतिकीवर आधारलेली, महासंगणकावर चालणारी प्रतिमाने पुण्यात विकसित झाली, म्हणजे करणाकडून सिद्धांताकडे प्रवास झाला. परभणीच्या कृषी विद्यापीठातून आज जिल्ह्याला जो हवामानाधारित शेतीसल्ला मिळतो, त्याच्या मागे हा चुकांचा इतिहास आहे.

हवामान खात्याच्या अंदाजाची थट्टा हा आपल्याकडे जुना करमणुकीचा विषय आहे. वाहनाची थट्टा कोणी करीत नाही. याचे कारण उघड आहे. ज्याने टक्केवारी सांगितली तोच चुकीचा ठरू शकतो. ज्याने हत्ती सांगितला त्याला कोणी चुकीचा ठरवू शकत नाही. आपली थट्टा अशा रीतीने नेमकी चुकीच्या जागी पडते, आणि त्याचा परिणाम असा होतो की जे ज्ञान स्वतःला तपासू देते त्याच्याविषयी अविश्वास वाढतो.

७

पार्थपूरच्या या ग्रंथकारांना जिल्ह्याच्या वाङ्मयेतिहासात स्थान द्यावे, अशी मागणी करताना एका धोक्याची जाणीव ठेवली पाहिजे. 'आमच्याकडे सर्व होतेच' या सुरात त्यांचे नाव घेतले गेले तर ते न घेतलेले बरे. ज्ञानराजांचे गिधाड म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा पूर्वाभास, असे उद्या कोणी लिहू शकेल. तसे लिहिणारा ज्ञानराजांवरही अन्याय करील आणि गुरुत्वाकर्षणावरही. ज्ञानराज आपल्याला हवेत ते विद्वान म्हणून. दोन प्रामाण्यांच्या ओढीत सापडलेला आणि ती ओढ प्रामाणिकपणे ग्रंथात उतरवणारा माणूस म्हणून. केशव आणि गणेश हवेत ते आपल्या गणिताला मुदत आहे हे ओळखणारे म्हणून. मल्लारी-विश्वनाथ हवेत ते शिकवणारे म्हणून. आणि कमलाकर हवेत, कारण एवढ्या बुद्धीच्या माणसालाही निष्ठा कोठे अडवते ते त्यांच्याकडे पाहून कळते.

सूर्यदासांच्या विलोमकाव्याविषयी एक विचार मनात येतो. अक्षरे तीच, वाचण्याची दिशा बदलली की कथा वेगळी. ग्रहांच्या वेधांचेही असेच आहे. तेच वेध पृथ्वी मध्ये ठेवूनही वाचता येतात आणि सूर्य मध्ये ठेवूनही. काव्यात दोन्ही वाचने खरी असतात आणि त्यातच त्याचा आनंद आहे. आकाशाच्या बाबतीत मात्र कधीतरी असा एक वेध येतो की जो एका वाचनात बसतो आणि दुसऱ्यात बसत नाही. त्या क्षणी कोणते वाचन सोडायचे हे ठरवावे लागते. आपण साहित्याचे शिक्षक आयुष्यभर पहिल्या प्रकारचे वाचन शिकवतो आणि ते शिकवलेच पाहिजे. दुसऱ्या प्रकारचेही वाचन असते, आणि त्याचा एक धडा आपल्याच जिल्ह्यातील पोथ्यांत आहे, एवढे विद्यार्थ्यांना सांगायला आपल्याला दुसऱ्या कोणत्या विभागाची परवानगी लागत नाही.